‘तुम्हाला कायदा लागू नाही’ म्हणणाऱ्यांना

कामगार कायदा कारखान्यातल्या माणसांसाठी असतो, लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांसाठी नाही, हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला ते तपासून पाहावंसंही वाटत नाही. हिंजवडीतल्या कंपनीचा एचआर हे सांगतो, खासगी रुग्णालयाचा प्रशासक सांगतो, व्यवस्थापनावर व्याख्यानं देणारेही सांगतात. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. तुमच्या पदाच्या नावात ‘मॅनेजर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ आहे, तेव्हा तुम्ही कामगार नाही. तुम्ही नेमणूकपत्रावर सही केली आहे, तेव्हा त्यातली प्रत्येक अट तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि कोर्टात जायचंच म्हणाल तर दहा वर्षं जातील, शिवाय नाव खराब होईल. यातलं पहिलं विधान चुकीचं आहे, दुसरं अर्धवट आहे. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला ‘म्हणून गप्प बसा’ हा निष्कर्ष मला मान्य नाही.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कोण ते सांगून ठेवलं होतं. मोबदला घेऊन अंगमेहनतीचं, कुशल वा अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. ज्याचं काम मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय आहे तो त्यातून वगळलेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण व्याख्येचा सांगाडा तोच राहिला. या व्याख्येत ‘तांत्रिक’ आणि ‘कारकुनी’ असे दोन्ही शब्द स्पष्टपणे आहेत. ड्रॉइंग काढणारा, हिशेब जुळवणारा, रक्ताचे नमुने तपासणारी, ग्राहकांच्या तक्रारी नोंदवून घेणारी माणसं यंत्रासमोर उभी असतात की वातानुकूलित मजल्यावर बसलेली असतात, याच्याशी व्याख्येला काही देणंघेणं नाही.

पगाराचं काय, असं लगेच विचारलं जातं. ‘अठरा हजारांच्या वर पगार म्हणजे कायद्याच्या बाहेर’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. जुन्या कायद्यात ही मर्यादा 10,000 होती, नव्या संहितेत 18,000 आहे, आणि दोन्हीकडे ती फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यासाठी आहे. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. सुपरवायझरसाठी मात्र ही मर्यादा अन्यायाची आहे. आज दहा माणसांवर लक्ष ठेवणाऱ्या कोणत्या सुपरवायझरला 18,000 पेक्षा कमी मिळतात? संहिता लिहिणाऱ्यांनी जवळजवळ सगळ्या सुपरवायझरांना बाहेर ठेवलं, आणि ती खरी तक्रार आहे. पण सुपरवायझरसाठी बांधलेली भिंत प्रत्येक पगारदाराला दाखवून त्याला माघारी पाठवणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

आता पदाच्या नावाबद्दल. सिबा-गायगी या औषध कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली जे सांगितलं ते प्रत्येक ‘असिस्टंट मॅनेजर’ने समजून घ्यावं. स्टेनो-अकाउंटंट म्हणून लागलेला माणूस पुढे ‘असिस्टंट’ झाला, थोडी देखरेखही करू लागला, आणि कामावरून काढल्यावर कंपनी म्हणाली की हा कामगार नव्हेच. न्यायालयाने म्हटलं, त्याच्या कामाचा मुख्य भाग कोणता ते पाहा. चार जादा जबाबदाऱ्या अंगावर टाकल्याने मूळ काम बदलत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका केबल कंपनीच्या सिक्युरिटी इन्स्पेक्टरला न्यायालयाने कामगार ठरवलं होतं, 1988 मध्ये एका अंतर्गत लेखापरीक्षकालाही. याहून जुनं उदाहरण 1957 चं आहे. सौराष्ट्रातल्या मिठागरांत राबणारे अगरिया हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, मणामागे पैसे घेतात, घरच्यांनाही मदतीला घेतात, असं ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचं म्हणणं होतं. वाफा आखण्यापासून मीठ तयार होईपर्यंत कामाच्या पद्धतीवर कंपनीचं नियंत्रण आहे, या कारणासाठी न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. आज दुचाकीवरून घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाला ‘पार्टनर’ म्हणतात. त्याच्यासाठी सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ असा वेगळा गट केला आहे, कामगार म्हणून पूर्ण हक्क दिलेले नाहीत. पण त्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न 1957 चाच आहे: काम कसं, कधी आणि किती दरात करायचं ते कोण ठरवतं?

तेव्हा ज्यांच्या कार्डावर ‘मॅनेजर’ छापलेलं आहे त्यांनी स्वतःला विचारावं. मी कोणाला नेमू शकतो का? कोणाची रजा माझ्या सहीने मंजूर होते का? कोणावर कारवाई करायचा अधिकार मला आहे का? की दिवसभर मी स्वतःच फाइल, कोड किंवा हिशेब हाताळतो? उत्तर शेवटचं असेल, तर कार्डावरचा शब्द कायद्यापुढे टिकण्याची शक्यता फार कमी. आणि तिन्ही अधिकार खरोखर हातात असतील तर तुम्ही व्यवस्थापक आहात, औद्योगिक संबंध संहिता तुमच्यासाठी नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

पण व्यवस्थापकालासुद्धा कायदा लागूच नाही, हे कोणी सांगितलं? ग्रॅच्युइटीला 1994 पासून पगाराची अट नाही. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्या कोणालाही ती मिळते, शिपायाला आणि व्हाइस प्रेसिडेंटलाही, आणि राजीनामा दिला तरी मिळते. ठरावीक मुदतीच्या नोकरीत तर आता एका वर्षानंतरच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा इंटर्नलाही संरक्षण देतो, दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. प्रसूतीचे 26 आठवडे हा हक्क आहे, कंपनीची कृपा नव्हे, आणि त्या रजेत बाईला काढणं बेकायदेशीर आहे. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यावर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांनाही तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं. मग पुण्यातल्या एखाद्या कंपनीने ‘प्रोबेशनवर आहेस, तुला ही रजा नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगावं? आणि नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटली, राजीनाम्याने किंवा काढल्याने, तरी राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. हे व्यवस्थापकालाही लागू आहे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ हा कंपन्यांचा रिवाज होता. वेतनापुरता तरी तो आता कायद्याविरुद्ध आहे.

आता राजीनाम्याकडे येतो. आजच्या नोकऱ्यांमधली सर्वांत मोठी लबाडी इथे होते, असं माझं ठाम मत आहे. माणसाला मीटिंग रूममध्ये बोलावतात. समोर दोघं-तिघं बसलेले असतात. सांगतात, कंपनीची पुनर्रचना चालू आहे, तुमच्यासाठी भूमिका नाही, आत्ता राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ, नाही तर ‘टर्मिनेटेड’ लिहावं लागेल. लॅपटॉप तिथेच ठेवून घेतात. हादरलेला माणूस सही करतो आणि घरी येऊन बायकोला सांगतो की नोकरी सोडली. सोडली कुठे? काढली. कायद्यात याला कामगार कपात म्हणतात, आणि कामगाराच्या वाईट वर्तनासाठी शिक्षा म्हणून नसलेली, मालकाने कोणत्याही कारणाने केलेली सेवासमाप्ती तिच्यात येते. 1976 साली स्टेट बँकेच्या एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा पूर्ण विस्तार मान्य केला. त्यानंतर अपवाद वाढले, स्वेच्छेने दिलेला राजीनामा मात्र आधीपासूनच कपातीच्या बाहेर आहे. म्हणून तर तो कागद हवा असतो.

त्या कागदाची किंमत पैशात मोजता येते. समजा, आठ वर्षं नोकरी झालेली आहे आणि वेतन 52,000 रुपये आहे. कपात म्हटली की एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचं वेतन, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन. म्हणजे 52,000 अधिक आठ वर्षांचे साधारण 2,08,000, एकूण 2,60,000. त्याशिवाय औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे पुनर्कौशल्य निधीत मालकाने भरायचे आणखी पंधरा दिवसांचे पैसे त्याच माणसाच्या खात्यात यायला हवेत. ग्रॅच्युइटीचे 2,40,000 वेगळे, ते राजीनाम्यानंतरही मिळतात. तेव्हा मीटिंग रूममधल्या त्या पंधरा मिनिटांत माणूस अडीच लाखांहून जास्त रक्कम सोडून देत असतो. शिवाय शेवटी आलेल्याला आधी काढायचं, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला प्राधान्य द्यायचं, हे दोन नियमही त्या सहीबरोबर निकालात निघतात. ज्येष्ठ, जास्त पगाराच्या माणसांना निवडून काढायचं असतं तेव्हा पहिला नियम कंपनीला किती जाचक वाटत असेल याची कल्पना करा.

दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, हे कायद्याचं म्हणणं आहे. पण दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी कर्मचाऱ्यावर येते. म्हणून त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, आपल्या स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला लिहावं की सही कोणत्या परिस्थितीत घेतली, खोलीत कोण होतं, काय बोललं गेलं. तीन महिन्यांनी लिहिलेल्या पत्राला त्या रात्रीच्या ईमेलची धार नसते. आणखी एक गोष्ट आहे. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख उजाडण्याआधी मागे घेता येतो. 1977 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 1 ऑगस्टपासूनचा राजीनामा पाठवून तो जुलैतच मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ते वैध ठरवलं, आणि पुढे साध्या नोकरदारांच्या प्रकरणांतही हे तत्त्व लावलं गेलं. ‘आजपासूनच मुक्त करावे’ असं राजीनाम्यात आवर्जून लिहून का घेतात, ते यावरून समजेल.

सहीच्या महतीबद्दल बोलू. करारावर सही केली म्हणजे त्यातलं सगळं चालतं, हे खरं असतं तर महाराष्ट्र शासनाचा तो नियमही चालला असता, ज्याप्रमाणे फौजदारी खटल्यात दोषी ठरून अपील करणाऱ्या निलंबित कर्मचाऱ्याला महिना एक रुपया निर्वाह भत्ता मिळायचा. एक रुपया! नियम छापलेला होता, माणूस त्या नोकरीत होता. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. 1986 मध्ये कोलकात्याच्या सरकारी जलवाहतूक कंपनीचा, कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम कर्मचाऱ्याला काढायचा नियम गेला. ज्याच्याकडे ‘हो’ म्हणण्यावाचून पर्याय नाही त्याच्याकडून घेतलेली अवाजवी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरते, ही त्यामागची भूमिका. ती कंपनी सरकारी होती, त्यामुळे हा निकाल खासगी कंपनीला जसाच्या तसा लागू पडत नाही. पण सही हा शेवटचा शब्द नसतो, एवढं तरी त्यातून पक्कं होतं.

नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही, ही अट आज बहुतेक आयटी नेमणूकपत्रांत असते. करार कायद्याचं 27 वं कलम 1872 पासून सांगतं की माणसाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या 2006 च्या प्रकरणात, ते नोकरीचं नव्हे तर एजन्सीच्या कराराचं होतं, न्यायालयाने हेच कलम लावून करार संपल्यानंतरचं बंधन नाकारलं. नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार मध्येच मोडून राजस्थानातल्या स्पर्धकाकडे नोकरी धरली, तेव्हा 1967 साली न्यायालय कंपनीच्या बाजूने उभं राहिलं. बाँडचंही तसंच. विजया बँकेचा दोन लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ग्राह्य धरला, तेव्हा ‘बाँड म्हणजे कचरा’ असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. रक्कम वाजवी हवी. आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणाऱ्या कंपनीला ती परत मागताना मन कचरू देऊ नका.

चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत ही लबाडी वेगळ्या रूपात दिसते. तिथे राजीनामा घ्यावा लागत नाही, ‘ब्रेक’ दिला जातो. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर त्याच मशीनवर परत. यामागे हिशेब 240 दिवसांचा असतो. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की सलग सेवा धरली जाते आणि कपातीचं संरक्षण मिळतं. ते दिवस मोजताना मालक साप्ताहिक सुट्ट्या गाळतात. सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितलं आहे की रविवार आणि पगारी सुट्ट्या धरायच्या. आणि माणसांना वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवून कायम होण्याच्या लाभांपासून वंचित ठेवणं ही महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरवली. तेव्हा देशात असा स्वतंत्र कायदा करण्यात आपलं राज्य पुढे होतं. त्याच कायद्याच्या आधारावर एसटीच्या सफाई कामगारांना औद्योगिक न्यायालयाने कायम केलं आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हेही कंत्राटी कामगाराला कोणी सांगत नाही.

इथे अर्थशास्त्राचे जाणकार मध्ये पडतात. त्यांचं म्हणणं, भारतात माणूस काढणं अशक्य आहे, म्हणून कोणी नेमत नाही, म्हणून हे कायदे कामगाराचेच शत्रू आहेत. त्यांना मी आकड्यांनी उत्तर देतो. कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागायची ती शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत, खाणींत आणि मळ्यांत. आयटी कंपनीला, बँकेला, दुकानाला ती कधी लागलीच नाही. त्यांना लागायची फक्त एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. याला अशक्य म्हणायचं? आता परवानगीची मर्यादाही तीनशेवर नेली आहे. शंभर ते दोनशे नव्व्याण्णव कामगारांच्या कारखान्यांचं ते संरक्षण गेलं. मग जाणकारांचं म्हणणं खरं असेल तर बळजबरीचे राजीनामे आता थांबायला हवेत, कारण काढणं सोपं झालं. ते थांबणार नाहीत. कारण अडचण काढण्याची कधी नव्हतीच, काढताना द्यायच्या पैशांची होती. आणि जे पैसे संसदेने ठरवले आहेत ते चुकवण्याला मी उद्योगस्नेही धोरण म्हणणार नाही.

ज्या पांढरपेशाला कामगार कायदा हा शब्द परका वाटतो, त्याने आपला रविवार कुठून आला ते आठवावं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी करून गिरणी कामगारांसाठी 1884 पासून मागितलेली साप्ताहिक सुट्टी 1890 साली मिळाली. आठवड्याच्या कामाचे तास 54 वरून 48 वर आले ते 1946 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना. ज्या चौकटीत बसून आपण आज ‘वीकेंड’ म्हणतो ती या माणसांनी बांधली.

राहिला उशिराचा मुद्दा. न्यायालयांत वर्षं जातात, हे मी नाकारत नाही. राज्याने कामगार न्यायालयांत पुरेसे न्यायाधीश नेमायला हवेत आणि ते होत नाही, याचा राग मलाही आहे. पण पहिला टप्पा न्यायालयाचा नसतोच. कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा असतो, आणि समेटाच्या कामात पक्षकाराला हक्काने वकील उभा करता येत नाही. कंपनीलाही नाही. म्हणजे तिथे महागडा वकील विरुद्ध एकटा माणूस असा सामना नसतो. ग्रॅच्युइटीसाठी वेगळं प्राधिकरण आहे, उशीर झाला तर व्याज मिळतं. पीएफ भरला नसेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालय स्वतः वसुली करतं. आणि प्रकरण लांबलंच, तर लांबल्याचा फायदा मालकाला मिळू नये हेही न्यायालय म्हणतं. महाराष्ट्रातल्या एका खासगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला 2007 मध्ये काढलं. शाळा न्यायाधिकरणाने तिला मागच्या पगारासह परत घ्यायला सांगितलं, उच्च न्यायालयाने पगार काढून टाकला, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला आणि सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाला पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम आहे. खटला लांबण्याचा दोष सहसा कामगाराचा नसतो, हेही त्याच निकालात आहे.

नाव खराब होण्याची भीती खरी आहे. एकट्या माणसासाठी ती जास्त खरी आहे. म्हणून एकाच दिवशी मीटिंग रूममध्ये बोलावलेल्यांनी एकमेकांचे नंबर घ्यावेत आणि अर्ज एकत्र करावा. पण थांबू नये. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी तो हातात घेत नाही, आणि ‘जरा दम धरा, सहा महिन्यांत पुन्हा भरती निघेल’ असं सांगणाऱ्याला ही तारीख पाठ असते.

आणि जे ‘तुम्हाला कायदा लागू नाही’ असं सांगतात, त्यांच्याकडे माझी एकच मागणी आहे. ते वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम कोणत्या कारणाने लागू नाही ते नमूद करून, सही-शिक्क्यासह द्यावं. प्रत्येक नोकरदाराने हे लेखी मागावं. तोंडी इतक्या ठामपणे सांगितलेलं हे वाक्य लेखी देणारा एचआर मला अजून भेटलेला नाही.